निळ्या झाकणाची कुपी

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अक्का ओट्यापाशी कोसळली. चहाचं पातेलं उतरवायला तिनं हात पुढे केला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आदला अख्खा दिवस तिला उलट्या होत होत्या, पण दार लावून, नळ सोडून तिनं त्या कुणाला ऐकू येऊ दिल्या नव्हत्या. भावजय धावत आली तेव्हा ती एवढंच पुटपुटत होती, "धाकट्याला उठवू नकोस... त्याला धाप लागेल."

धाकटा सेहेचाळीस वर्षांचा होता. आई गेली तेव्हा तो नऊचा आणि अक्का एकोणीसची. तेव्हापासून त्याला ताप आला की थर्मामीटर हिच्या हातात आणि धडधड हिच्या छातीत. स्वतःचा संसार मांडायचा राहून गेला तो गेलाच. कापडाच्या रंगशाळेत ती बत्तीस वर्षं मापाच्या टेबलावर होती. रंगाची पूड किती, पाणी किती, हे तिच्याएवढं कुणाला कळत नसे. सगळे तिला 'मापाच्या बाई' म्हणत.

गेल्या वर्षी धाकट्याच्या हृदयात स्टेंट बसला आणि त्याची ट्रक चालवण्याची नोकरी सुटली. पुढे क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी बहीणभाऊ दोघांचं रक्त तपासलं. दोघांची साखर वाढलेली, वजनही. दोघांना त्यांनी एकच औषध लिहून दिलं, पेप्टाइडचं, साखर आणि वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा टोचायचं. क्लिनिकच्या इंजेक्शनच्या पेनमध्ये मात्रा ठरलेली असे, थंड पेटीतून ते येई, दर तीन महिन्यांनी रक्त तपासत, अडीअडचणीला फोन करायला माणूस असे. आणि एका माणसाच्या महिन्याच्या औषधात अक्काचा अर्धा पगार जाई. दोघांचं घेतलं तर चूल पेटली नसती.

"माझंही सुरू केलंय हं," तिनं धाकट्याला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त तिचं औषध क्लिनिकमधून येत नव्हतं.

रंगशाळेतल्या वाफेच्या यंत्रावरच्या बाईनं तिला फोनवरच्या, तेच औषध स्वस्तात विकणाऱ्या एका गटात घेतलं होतं. तिथून पाकिटातून कुपी येई. कुपीत चिमूटभर पांढरी पूड. पाणी आपण घालायचं, सुई आपण भरायची, किंमत पाचव्या हिश्श्याची. लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं, 'फक्त संशोधनासाठी.' अक्कानं तीन दिवस विचार केला. कारखान्याचा तपासणीचा कागद सोबत नसलेली सुटी पूड तिनं लोकांच्या कापडाला कधी लावली नव्हती. चौथ्या दिवशी कुपीतली पूड तिनं स्वतःच्या पोटात टोचून घेतली. बिघडलंच तर आपलं एकटीचं बिघडेल, असा तिचा हिशेब होता.

कुप्या फ्रिजच्या दारात, कुलपाच्या छोट्या डब्यात असत. भावजयीच्या डोळ्यांत तो डबा खुपे.

"दुधाला जागा नाही आणि तुमच्या डब्याला कुलूप. वन्सं, या वयात कंबर बारीक करून कुणाला दाखवायचीये?"

"आरशाला," अक्का म्हणाली आणि ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. हळूहळू ती तिथंच जेवू लागली. औषधानं भूक मेलेलीच होती. अर्धं ताट कागदात गुंडाळून बाहेर जाई. ती जेवते की नाही, हे विचारायला त्या खोलीत कुणी येत नव्हतं... आणि कुणी येऊ नये, याची काळजी तीच घेत होती.

शनिवारी तिनं नव्या पाकिटातली पहिली कुपी फोडली. झाकण नेहमीचंच, निळं. तिनं नेहमीएवढंच पाणी घातलं, नेहमीएवढीच सुई भरली.

रुग्णालयात दुपारी भावजयीनं तो डबा खाटेवर आणून ठेवला. कुलूप फोडलेलं होतं. आत कुप्या होत्या आणि घडी घातलेली क्लिनिकची चिठ्ठी, अक्काच्या नावाची. वर्ष उलटलं तरी औषधवाल्याचा शिक्का तिच्यावर एकदाही पडलेला नव्हता. भावजय हातातली किल्ल्यांची जुडी उगाच चाळवत राहिली.

निरोप मिळताच क्लिनिकमधून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कुपी उजेडात धरली. "यावर दहा मिलिग्रॅम लिहिलंय. आधीच्या कुप्या पाचाच्या होत्या. तुम्ही दुप्पट टोचून घेतलंत. लेबल वाचलं नाहीत?"

"आमच्या रंगशाळेत डब्याचं झाकण वाचतात," अक्का म्हणाली. "निळं म्हणजे निम्म्या जोराचं. बत्तीस वर्षं..."

"आणि दहा हेसुद्धा छापणाऱ्यानं म्हटलंय म्हणून. आत खरं काय आहे, ते तपासल्यावर कळेल." बाई खुर्ची ओढून बसल्या. "परवडत नाही, एवढं मला सांगायचं होतंत. साखरेच्या जुन्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत. वजन फारसं उतरलं नसतं, पण साखर धरून ठेवली असती."

क्लिनिकचं पेन किंवा पाकिटातली कुपी, अक्काला एवढ्याच वाटा दिसल्या होत्या. तिसरी वाट होती तर! अन् ती विचारायला तोंड उघडायचं तेवढं राहिलं होतं.

संध्याकाळी धाकटा आला. जिना चढून त्याला दम लागला होता.

"माझं इंजेक्शन आजपासून बंद," तो म्हणाला. "तुझ्या जिवावर मला जगायचं नाही."

"मग आजवर कुणाच्या जिवावर जगलास रे?" अक्का हसली. "तू बंद केलंस तर मी इथं कशासाठी पडले, सांग."

"मी तुला सांगितलं होतं का असं कर म्हणून?"

"सांगायला लागतं?"

"बास करा दोघं," भावजय म्हणाली. तिनं अक्काच्या कोरड्या ओठांना पाण्याचा चमचा लावला. "वन्सं, मी आरशाचं बोलले ना..."

"आरशाचं मी बोलले. तू कंबरेचं बोललीस."

भावजयीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग हुंदका. ती खाटेच्या कडेवर बसली. तेवीस वर्षांत ती अक्काच्या अंथरुणावर पहिल्यांदाच बसत होती. त्या रात्री तिनं घरी जायला नकार दिला.

उलट्यांनी अंग सुकून मूत्रपिंडावर ताण आला होता; बुधवारी दुपारी त्याचा आकडा आला. सोमवारपेक्षा थोडा उतरलेला, पण धोक्याच्या रेषेच्या वरच. स्वादुपिंडाला सूज आहे का, ते अजून सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुपी तपासणीला गेली आहे. अहवालाला आठ दिवस लागतील.

बुधवार हा धाकट्याच्या इंजेक्शनचा वार. भावजयीनं त्याचं पेन थंड पिशवीतून आणून अक्काच्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवलं होतं. अक्काची नजर पेनवर होती, धाकट्याची खिडकीबाहेर. संध्याकाळी सहापर्यंत त्यानं ते घेतलेलं नव्हतं.