सातवी स्लाइड

माझ्या लॅपटॉपची वायर शेजारच्या माणसाच्या कॉफीत पडली, आणि माझ्या तोंडून चटकन मराठी निघालं. "अगं बाई..."

"मराठी?" त्याने वायर रुमालाने पुसून परत दिली.

"निपाणीची. तुम्ही?"

"इथलाच. आजोबा कारखान्यात नोकरीला आले, ते राहिलेच. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्ही."

"मग आत्ता?"

"आत्ता राग कुठं आलाय?"

आमची तिमाही बैठक होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्याने आपल्या सरकारी शाळांची उद्दिष्टं, उपक्रम आणि यश दहा मिनिटांत सांगायचं. मला पदावर येऊन चारच महिने झाले होते. माझ्याकडे शहराच्या टोकाला, बोम्मसंद्र्याच्या बाजूच्या शाळा, कारखान्यांतल्या कामगारांची मुलं. त्याच्याकडे जुन्या बाजारातल्या, चिकपेटच्या गल्ल्यांमधल्या, हमाल आणि शिंप्यांची मुलं. त्याचं नाव देवव्रत.

पुढे आम्ही भेटायला बैठकीची वाट पाहणं सोडून दिलं. शनिवारी शाळा सुटली की मी मेट्रोने चिकपेटला जायची. गर्दीत तो पुढे चालायचा, "स्वल्प सरका" म्हणत... आणि हातगाडी आली की त्याचा हात माझ्या नि गाडीच्या मध्ये यायचा. मला न लागता. ते न लागणं मला दिवसभर आठवत राहायचं.

एकदा त्याने मला एका शाळेच्या पायऱ्यांवर नेलं. पाचवीतली मुलगी दुसरीतल्या एका मुलीला गोष्ट वाचून दाखवत होती. मग धाकटीने अडखळत तीच गोष्ट थोरलीला वाचून दाखवली. रोज वीस मिनिटं, ठरलेली जोडी. तो त्याला जोडवाचन म्हणायचा.

"बैठकीत का सांगत नाहीस?"

"वर्ष होऊ दे. मुलं वाचायला लागली की सांगू. आधीच बोभाटा कशाला?"

"माझ्या दोन शाळांत करून बघू?"

"विचारतेस काय, कर ना." मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "फेब्रुवारीची बैठक झाली की तुझ्याशी बोलायचंय."

"आत्ता बोल."

"आत्ता बोललो तर तुला स्लाइड्स सुचायच्या नाहीत."

सर्जापूर रोडवरच्या माझ्या खोलीपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

फेब्रुवारीत आयुक्त येणार होते. आमच्या उपसंचालक महानंदा मॅडमनी माझं सादरीकरण चाळलं. "शिवलीला, नवीन काहीच नाही गं यात."

परत येऊन मी सातवी स्लाइड केली. 'जोडवाचन : आमच्या गटाचा अभिनव उपक्रम'. खाली माझ्या दोन शाळांचे फोटो. त्याचं नाव लिहायला घेतलं होतं... पण लिहिलं की माझं यश उसनं दिसणार होतं. संध्याकाळी फोन करून सांगू, तो नाही थोडाच म्हणणार, असं मी मनाला समजावलं. फोन केला नाही.

सभागृहात टाळ्या झाल्या. आयुक्तांनी वहीत टिपून घेतलं. तिसऱ्या रांगेत देवव्रतही टाळ्या वाजवत होता.

बाहेर मी त्याला गाठलं. "देवव्रत, मी..."

"छान बोललीस," तो म्हणाला. "निघतो. शाळेत पालक थांबलेत."

बैठकीनंतर जे बोलायचं होतं, त्यातलं एक अक्षर तो बोलला नाही.

आठवड्याने आमच्या कार्यालयातल्या विठोजी क्लार्कनी सहज सांगितलं, की जोडवाचन त्यांच्या गटातल्या सगळ्या शाळांत न्यायचा देवव्रत सरांचा प्रस्ताव परत आला. शेरा होता, 'दुसऱ्या गटाच्या उपक्रमाची नक्कल'.

मी तशीच महानंदा मॅडमकडे गेले. "तो उपक्रम त्यांचा आहे, मॅडम. मी उचलला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "लेखी देशील? तुझ्या फाइलीत राहील ते."

"राहू दे फाइलीत." मी तिथेच बसून पत्र लिहून दिलं.

त्या पत्रामुळे चक्रं उलटी फिरली. महिन्याभरात आदेश निघाला. जोडवाचन दूरच्या यादगीर जिल्ह्यात राबवायचं, आणि ते ज्याचं आहे त्यानेच तिथे जाऊन उभं करायचं. तीन वर्षांसाठी.

जायच्या आदल्या दुपारी तो माझ्या कार्यालयात आला. बाहेर उन्हातच भुरभुर पाऊस लागला होता. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर थेंब होते, आणि ते पुसायला माझा हात टेबलावरून उठून परत खाली आला.

"पत्र वाचलं," तो म्हणाला. "धीर लागतो तसं लिहायला."

"रागावलायस?"

"होतो. नावासाठी नाही गं. तू नुसतं सांगितलं असतंस तर मीच तुला फोटो काढून दिले असते."

"मला माहीत होतं ते. तरी..." मी समोरची फाइल बाजूला सारली. "त्या दिवशी काय बोलायचं होतं तुला?"

तो खिडकीकडे पाहत राहिला. "लग्नाचं."

"मग आत्ता विचार."

"आत्ता तू हो म्हणशील. पण चुकीची भरपाई म्हणून म्हणालीस की काय, हे माझ्या डोक्यातून जाणार नाही."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, देवव्रत. पत्राच्या कितीतरी आधीपासून."

"ते कळत होतं," तो हळू म्हणाला. "म्हणून तर जास्त लागलं."

मी त्याला थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं... की नको होतं, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

दोन वर्षं झाली. यादगीरहून दर तिमाहीला अहवाल येतो, किती मुलं आता वाचू लागली त्याचा. मी तो सहीपर्यंत वाचते. या वर्षी बदलीच्या अर्जात पसंतीच्या जागी मी यादगीर लिहिलं. अर्ज द्यायला गेले, तर विठोजींनी धारवाडी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

"घ्या मॅडम. देवव्रत सरांचं लग्न ठरलं. तिथल्याच शाळेत शिकवतात त्या."

मी पेढा घेतला. छान आहे, म्हणाले. मग अर्ज दुमडून पर्समध्ये ठेवला, आणि शाळाभेटीसाठी बोम्मसंद्र्याच्या बसमध्ये चढले.