डोक्याशी कोण होतं?

माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास भरतं. धरून उभं राहिलं की वाढत जातं.

चादर ओढायची, माणूस ओढायचा नाही.

ताईला हल्ली चहा मी पाजतो.

पेंटरच्या नखांतला पिवळा रंग साबणाने निघत नाही.

तळघराला खिडकी नसते.

भुताची गोष्ट रचायची असती तर मी अमावास्या घेतली असती, वारा सोडला असता, कुत्री रडवली असती. इथे त्यातलं काही नाही. दुपार होती. जेवणाची वेळ. हॉस्पिटलच्या तळघरातली सीटी स्कॅनची खोली, पांढरे दिवे आणि कुणाच्या तरी उघड्या डब्याचा वास. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण. ती तिथे टेक्निशियन आहे. तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी आमच्या दोघांच्या खोड्या तिच्याच चेहऱ्यावरून पकडल्या जायच्या.

त्या दुपारी एका पेंटरला आणलं. परांचीवरून पडलेला.

मान मोडली होती. पण हातपाय हलत होते. म्हणजे अजून सगळं वाचवता येण्यासारखं होतं...

ट्रॉलीवरून टेबलावर घेताना मान जराशी जरी पिळली गेली असती, तर तो जन्माचा अंथरुणाला खिळला असता.

बाहेर बाकावर त्याची आई त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, सांभाळून घ्या त्याला."

"काळजी करू नका, आई," ताई म्हणाली. रोजच म्हणते.

अशा पेशंटला हलवायची तिथे एक रीत आहे. एकजण डोक्याशी उभा राहतो आणि डोकं दोन्ही तळव्यांत धरतो. मोजायचं त्यानेच. तो 'तीन' म्हणेपर्यंत कोणी चादरीला हिसका द्यायचा नाही. आणि डोकं धरलेल्याने मनाला येईल तेव्हा हात काढायचे नाहीत. दुसऱ्याने येऊन आपले हात लावायचे, मोठ्याने म्हणायचं, "धरलं." मगच पहिल्याने सोडायचं. तोवर पाय दुखोत, नाक खाजो, उभं राहायचं.

बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत बसायचं नसतं. आपापली चादर बघायची, नळ्या बघायच्या. कान तेवढे डोक्याकडे.

रीत चांगली आहे. तीच नडली.

ट्रॉलीच्या बाजूला मामा आणि सिस्टर. मामा म्हणजे वॉर्डबॉय. पन्नाशीचा माणूस, अख्खं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं. पलीकडे, टेबलाच्या बाजूला ताई. डोकं धरायला ज्युनियर डॉक्टर यायचे होते. ते इतके बारीक की त्यांचं नाव पडलं होतं काडी डॉक्टर.

"काडी कुठे अडकली?" मामांनी विचारलं.

"दुसऱ्या लिफ्टने येतायत," सिस्टर म्हणाली.

"लिफ्टच्या फटीतून खाली गेले नाहीत म्हणजे मिळवली."

सिस्टर हसली. पेंटरही हसला.

"तू नको रे हसू, बाबा! मान हलेल!"

ताई टेबलाची उंची जुळवायला वाकली. सिस्टर सलाईनची नळी सोडवत होती. मामांनी ट्रॉली टेबलाला भिडवली.

तिघांनी माना वर केल्या तर पेंटरच्या डोक्याशी कोणीतरी उभं होतं.

टोपी. मास्क. अंगात एक्स-रे अडवणारा शिशाचा ॲप्रन. दोन हात पेंटरच्या कानांवर.

आले डॉक्टर. तिघांनाही तसंच वाटलं.

"एक..."

तिघांनी चादरीच्या कडा मुठीत गुंडाळल्या.

"दोन..."

आणि आवाज थांबला.

फार वेळ थांबला. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मामांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. त्यांनी पायाने चाचपलं...

ट्रॉलीचा ब्रेक लावलेलाच नव्हता.

थट्टेच्या नादात राहून गेला होता. ओढलं असतं तर ट्रॉली मागे सरकली असती आणि पेंटर मधल्या फटीत गेला असता. मामांनी ब्रेक दाबला. खट्.

"तीन."

चादर सरकली. पाण्यावरून पान सरकावं तशी.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. काडी डॉक्टर धापा टाकत आत आले.

"सॉरी, सॉरी. लिफ्ट बंद पडली. घ्यायचं ना आता?"

तिघांनी वळून टेबलाकडे पाहिलं.

डोक्याशी कोणी नव्हतं.

शिशाचे ॲप्रन भिंतीवर टांगलेले होते. सगळेच्या सगळे. शिसं जड असतं, ते वाऱ्याने हलत नाही. शिवाय तळघरात वारा कुठला...

शेवटचा ॲप्रन हलत होता.

पेंटरची मान होती तशीच होती. स्कॅन झालं. ऑपरेशन झालं. मानेत धातूची पट्टी बसली. सगळं सुरळीत.

फक्त त्याला झोप येईना.

"डोकं सोडा म्हणावं त्यांना," तो सिस्टरला सांगायचा.

"कोणाला?"

"मागे उभे आहेत ना, त्यांना."

मागे भिंत होती. पलंग भिंतीला चिकटलेला.

इंजेक्शन दिलं. झोपेतही तेच. सुटायला म्हणून तो मान पुढे खेचायचा, सारखा खेचायचा. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, हा असाच ओढत राहिला तर पट्टी निसटेल. मग आमच्या हातात काही नाही.

ही बातमी मामांनी तळघरात आणली. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, एक सांग. त्या दिवशी त्याला आपल्यातलं कोणी 'धरलं' म्हटलं का?"

"कोणाला?"

"जो धरून होता त्याला."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मी जातो वर," मामा म्हणाले. "ब्रेक माझा राहिला होता."

"मामा, हात बघा तुमचे."

लटलट कापत होते. अशा हातांत कोणी डोकं देत नाही.

ताईच गेली. पलंग भिंतीपासून ओढून घेतला, मागे उभी राहिली आणि पेंटरच्या कानांवर हात ठेवले.

ठेवले... पण ते कानांना लागलेच नाहीत. मध्ये आधीच कोणाचे तरी हात होते. दिसत नव्हते. फरशीसारखे गार.

"धरलं," ताई म्हणाली.

खालचे हात निघाले. एकेक बोट करत.

पेंटर त्याच क्षणी घोरायला लागला. त्याची आई रडायला लागली. ताईने अलगद हात काढून घेतले, डोकं उशीवर टेकलं.

वजन मात्र ताईच्या हातातच राहिलं.

आता ती घरी असते. रजेवर. कोपरं अंगाशी, तळवे वर; बसलेली असताना आणि झोपेतही. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. चहा पुढे केला की म्हणते, "हात रिकामे नाहीत रे."

परवा मला जवळ बोलावलं.

"बाळ्या, तू एकदा म्हण ना. एकच दिवस. उद्या मी परत घेते तुझ्याकडून. हात भरून आलेत रे."

मी तिच्या हातांखाली हात नेले. शब्द ओठांवर आला होता.

"ताई... हे डोकं त्या पेंटरचंच आहे ना?"

तिने बोटं हळूच हलवून चाचपलं.

"नाही. याचे केस लांब आहेत."

मी हात मागे घेतले.

अजून म्हटलेलं नाही. हे लिहितोय तेव्हा ती आतल्या खोलीत बसली आहे. मला हाक मारत नाही. रागावतही नाही. फक्त मधूनमधून हळू आवाजात मोजते.

"एक... दोन..."

पुढचं म्हणत नाही.

पेंटर स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला, ताईची रजा सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी.