गंगारामची कानस

ही घडलेली गोष्ट आहे. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, पण पुरती ऐकून हसावं.

साल १९५८. माघ महिना. देवबागची खाडी, काठावरचं उंडीचं झाड.

आणि रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

धोंडू आणि गंगाराम हे लाकूड कापणारे जोडीदार. ओंडका उंचावर चढवला की धोंडू वर उभा राहायचा, गंगाराम खाली. दोघांच्या हातात मिळून एकच लांब करवत. वीस वर्षं त्यांनी होड्यांच्या फळ्या पाडल्या.

करवतीचे दात आलटूनपालटून डावीउजवीकडे वाकवलेले असतात. डावे दात धोंडू घासायचा, उजवे गंगाराम. ज्याची त्याची कानस वेगळी. दुसऱ्याच्या दातांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. दोन्ही बाजूंना सारखी धार असेल तरच करवत सरळ चालते.

पौषात ती वाकडी जायला लागली. फळ्या फुकट गेल्या, होडीवाला कुरकुरला आणि धोंडूचं डोकं फिरलं. चार माणसांसमोर तो म्हणाला, "तुझी नजर गेली, गंगा. आजपासून तुझे दात मीच घासतलंय."

नुसता बोलला नाही, घासलेसुद्धा.

पंधरा दिवस अंगात ताप घेऊन गंगाराम कामावर येत होता. त्यानं आपली कानस फडक्यात गुंडाळली आणि घरी गेला.

पाचव्या दिवशी वारला.

माफी मागायची राहूनच गेली. ते धोंडूच्या जिवाला फार लागलं.

तेरावं झाल्यावर बाबली नावाचा नवा जोडीदार खाली उभा राहिला. आता सगळे दात धोंडूनंच घासलेले. करवत चालू झाली...

आणि वाकडी गेली. पूर्वीसारखीच, त्याच बाजूला.

मग नजर गेली होती कुणाची?

दुपारी बाबली पेज प्यायला घरी गेला. धोंडू नेहमीसारखा उंडीखाली आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच...

खर्र... खर्र... खर्र...

मग फुंकर.

तीनदा कानस ओढायची आणि कीस फुंकायचा, ही गंगारामची सवय. धोंडूला उठायचं होतं, पण पापण्या काही केल्या उघडेनात.

आवाज थांबला तेव्हा तो धडपडत उठला. कुणी नव्हतं. वाळूत पाऊलही नव्हतं.

पण करवतीचे डावे दात चकचकत होते... धोंडूच्या वाटणीचे. खाली लोखंडाचा ताजा कीस सांडला होता.

त्या दिवशी करवत आखलेल्या रेघेवरून जराही हलली नाही.

संध्याकाळी धोंडू गंगारामच्या घरी गेला. त्याच्या बायकोला, सुभद्रेला, कानस दाखवायला सांगितली. कानस पेटीत कुलुपात होती. सुभद्रेनं फडकं सोडलं...

कानशीच्या खाचांत ताजा कीस होता.

सुभद्रा हळू आवाजात बोलली.

"भावजी, तुमची नजर मंदावली ह्या तेंका दोन वर्सां आधीच कळला होता. तुमी दुपारी आडवे झाल्यात काय ते तुमचे दात परत घासीत. शेवटी तापान हात थरथरत, तेवा जमला नाय. 'तेका सांगा नको, तेचा मन मोडात' म्हणान माका शपथ घातल्यानी."

धोंडू तिथंच लहान पोरासारखा रडला. दोन वर्षं ज्यानं त्याची लाज राखली, त्याचीच लाज त्यानं चार माणसांत काढली होती.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा उंडीखाली आडवा झाला. या वेळी झोपला नाही, नुसते डोळे मिटले.

खर्र... खर्र... खर्र...

मग फुंकर.

एकेक दात घासून होत होता. डोळे न उघडताच धोंडू म्हणाला, "गंगा, माझा चुकला रे."

आवाज थांबला.

खाडीचं पाणीसुद्धा ऐकू येईना. मग कुणीतरी कानस झाडल्यासारखा बारीक आवाज झाला.

धोंडूनं डोळे उघडले. सगळे डावे दात लखलखत होते. एक सोडून. शेवटचा, धोंडूच्या मुठीजवळचा, तसाच बोथट राहिला होता.

त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही.

तो एक दात गंगारामनं रागानं सोडला, की "घे, एवढा तू घास" म्हणून ठेवला, हे धोंडूला कळलं नाही. त्यानं करवतीचं काम सोडलं. करवत तेल लावून पडवीत टांगली आणि त्या दाताला मरेपर्यंत कानस लावली नाही.

दुपारी जेवण झालं की तो तिच्याखालीच आडवा व्हायचा. डोळे मिटलेले असायचे, पण घरच्यांना माहीत होतं, तो झोपलेला नसायचा.