श्वासाच्या जागा

सूर आणि शब्द यांची ताटातूट झाली होती, म्हणून मी त्या टायपिंगच्या दुकानात शिरले.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, गळ्याची शस्त्रक्रिया झाली नि त्यांचा आवाज बसला. रविवारी प्रार्थनागृहात त्यांच्या जागी पदं गाऊन प्रवचन मी करणार होते. जमलं तर ती जागा आमच्याच घरात राहणार होती, नाहीतर विश्वस्त दुसऱ्या कुणाला बोलावणार होते. पदं नवी होती. मागे साथीला आत्या आणि तिच्या मैत्रिणी. त्यांना मी ती फोनवर लिहून पाठवली, वर सूर, खाली शब्द. पण फोनचा पडदा तो केवढा! ओळ भलतीकडेच मोडायची, आणि ‘करुणे’चा सूर शेजारच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसायचा.

दुकानातल्या मुलानं माझा फोन आडवा धरला, उभा धरला, आणि हसला. ओळी आखूड कराव्या लागतील म्हणाला. “पण तोडू कुठे? मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही.”

“मग ऐका.”

“इथे... दुकानात?”

“देवाला दुकान वर्ज्य नाही,” मी म्हटलं, आणि हळू आवाजात सुरू केलं.

पुढे रोज संध्याकाळी मी जाऊ लागले. मी गायचे, तो कळफलकावर बोटं ठेवून ऐकायचा; मध्येच एक बोट हलकेच टेकायचं. चहा निवून जायचा. त्यानं नजर वर केली की माझा सूर हलायचा – हे असंच आहे का, म्हणून तो विचारायचा, आणि मी खुशाल हो म्हणायचे.

शनिवारी प्रार्थनागृहात तालीम. ओळी सगळ्यांच्या फोनवर नीट बसतात का ते बघायला तो आला आणि दारापाशीच उभा राहिला. प्रत्येक सूर आपापल्या अक्षरावर होता. आम्ही सुरुवात केली... आणि पहिली ओळ संपताच सभागृह एकदम गप्प झालं. दुसऱ्या ओळीलाही तेच. एरवी मी श्वास घेते तेव्हा बाकीच्या सूर धरून ठेवतात. आज सगळ्याच माझ्याबरोबर थांबत होत्या, आणि गाण्याला भोकं पडत होती.

आत्यानं चष्मा कपाळावर चढवला. “अर्थ इथे संपत नाही, ताल संपत नाही. कशावर तोडलीस रे बाबा ही ओळ?”

पायांकडे बघतच तो म्हणाला, “त्या जिथे श्वास घेतात तिथे.”

आत्याच्या एका मैत्रिणीला अचानक खोकला आला. कोपऱ्यात बसलेल्या आप्पांना बोलायची मनाई होती, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. आत्या म्हणाली, हिला शिकवणाऱ्या बापानंही हिच्याकडे एवढं लक्ष दिलं नसेल. माझे कान तापले.

मी त्याला बाहेर पायऱ्यांवर नेलं. सगळं पुन्हा करावं लागेल, हे त्याला सांगावं लागलंच नाही. आज बसून करतो म्हणाला. मग घुटमळला.

“जुनी प्रत माझ्याजवळ ठेवू?”

“तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे गाता?”

“एक ‘सा’ येतो, तुमचं ऐकून ऐकून. तुम्ही श्वास घ्याल तेव्हा तेवढा धरून ठेवीन. आणखी काही येत नाही मला... आणि आणखी काही करावंसंही वाटत नाही.”

उद्या लवकर या, एवढंच मी म्हटलं.

रविवारी सभागृह भरलं. करुणेच्या पदात भलत्याच जागी, ओळीच्या ऐन मध्यावर, माझा श्वास तुटला. साथ गोंधळली. तेवढ्यात मागून एक ‘सा’ आला – जाडाभरडा, जरासा उतरलेला, पण नेमका तिथेच. मी वळून पाहिलं. त्याचा फोन खिशात होता, तो माझ्याकडेच बघत होता. मी श्वास घेतला आणि ओळ पूर्ण केली.

प्रार्थना संपल्यावर मुख्य विश्वस्त जवळ आले. पुढच्या रविवारीही मीच यावं म्हणाले, मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “पण तो मागचा मुलगा जरा बेसूर आहे, नाही?”

“आहे,” मी म्हटलं. “पण तो माझ्याबरोबरच येईल.”