वाढत्या अंगाचा कोट

"मास्तर, तुमचा हा मुलगा वाढत का नाही? उपाशीबिपाशी ठेवता की काय त्याला?"

प्रश्न खरं तर टकळीचा नव्हताच. तो रचला होता तिच्या मैत्रिणींपैकी चष्मेवालीने, आणि "आहे का हिंमत?" म्हणून तिच्या गळ्यात मारला होता लंबूने. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून टकळीच्या जिभेला पंख फुटले होते. टकळी हे तिचं घरचं नाव, आणि हल्ली ती ते मिरवायचीसुद्धा.

शाळेसमोरच्या त्या टेलरमास्तरांच्या दुकानात शाळेच्या समारंभाच्या कोटांसाठी झुंबड होती. आईबाप पोरांना पुढे ढकलत होते आणि एकच पालुपद लावत होते, "वाढत्या अंगाचा शिवा हो मास्तर." भिंतीवरच्या काचेच्या कपाटात मुलांचे जुनेनवे कोट टांगलेले होते. पहिला तोकडा, खालच्या विजारीला बटणांनीच जोडलेला. मग कमरेशीच संपणारा काळा. मग पाठीवर चौकोनी कॉलर लोंबणारा, खलाशी थाटाचा. मग कमरेला पट्टा असलेला. शेवटी किनारीचा नवाकोरा ब्लेझर. पणजोबांच्याही आधीपासून पोरांना सभ्य दिसण्यासाठी काय काय सोसावं लागलं, त्याचा सगळा इतिहास. फक्त सगळे कोट एकाच मापाचे.

जणू एकाच, कधीच न वाढलेल्या मुलाचे. म्हणून तो प्रश्न. सगळं दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्याने टकळीच हसली.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या सावकाश काढल्या. "हळू बोल, बाळ. आत ट्रायल चाललीय."

कोपऱ्यातला पडदा जरासा हलला आणि थांबला.

ते हसू फूटपाथपर्यंतच पुरलं. मैत्रिणी पाठ थोपटत होत्या, "काय भारी विचारलंस गं," आणि तिचे कान मात्र तापायला लागले होते. एवढं काय झालं, तिने स्वतःला समजावलं, गंमत तर होती. तरी रात्रभर कुणाला तरी चारचौघांत उघडं पाडून आल्यासारखं वाटत होतं, आणि तो कोण हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच गेली. दुकान रिकामं होतं. इस्त्रीखालच्या ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता.

"मास्तर, कालचं... चुकलंच माझं."

"मला कशाला सांगतेस?" मास्तरांनी कपाट उघडलं. "हात लावून बघ."

तिने पट्ट्याच्या कोटाचे खांदे चाचपले. डाव्या खांद्यात जास्तीचा कापूस होता. खलाशी कोटाच्याही. काळ्याच्याही. सगळ्यांचा डावा खांदा तसाच भरलेला.

"एक खांदा उतरता आहे," मास्तर म्हणाले. "भरून काढावा लागतो. नाहीतर पोरं चिडवतात."

"कुणाला?"

मास्तर खडूचं टोक घासत राहिले. "फॅशन बदलली की अंगावरचा कोट हास्यास्पद होतो. कुणीतरी फिदीफिदी हसतं. मग मुलगा तो कोट अंगावर ठेवत नाही. नवा शिवावा लागतो." थोडं थांबून ते म्हणाले, "खालचं बटण बघ."

प्रत्येक कोटाचं खालचं बटण कडेने खडबडीत होतं. तिने उजेडात धरलं. दातांचे बारीक व्रण.

"शरमला की चावतो."

ब्लेझरचं बटण तिने शेवटी पाहिलं. तिथेही व्रण होते, ताजे, पांढरे. बटण ओलं होतं.

"काल सकाळी मीच लावलं होतं ते," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तू नुसतंच विचारलंस, की हसलीससुद्धा?"

"हसले."

"हं. मीही हसलो होतो. शाळेत होतो. या पट्ट्याच्या कोटाला. तेव्हा इथे दुसरे मास्तर बसायचे, मग त्यांनी मलाच शिवायला बसवलं." त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोरा सुईच्या बाजूने जात राहिला. "आता हात ऐकत नाहीत."

त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली आणि पडदा बाजूला केला.

आत आरसा, खुंटी, आणि मुलांना उभं करायचं बुटकं स्टूल. बाकी कोणी नव्हतं.

"खांद्यापासून सुरू कर. घाई करू नकोस, त्याला आवडत नाही."

वेडेपणा आहे, तिला वाटलं. पण नाही म्हणायचं तोंड तिने काल गमावलं होतं. तिने स्टुलाच्या वर, हवेतच, टेप आडवी धरली.

मग हात काढून घेतले.

टेप पडली नाही.

डावीकडे ती किंचित उतरती होती.

मास्तर मागून हलकेच म्हणाले, "आता छाती."

तिने टेप गोल फिरवली, टोकं जुळवली. बोटांखाली टेप जराशी ताणली गेली. सैल झाली. पुन्हा ताणली गेली.

"सॉरी," ती पुटपुटली.

टेप ताणलेलीच राहिली, कुणी श्वास रोखून ऐकावं तशी.

घरी पोचायला तिला उशीर झाला. येताना ती लहान पावलं टाकत आली होती. आईने दार उघडलं, बाबा पेपरमागून डोकावले.

"कुठे होतीस? आणि हात असा काय धरलायस?" आई म्हणाली.

टकळीचा डावा हात कमरेशी होता, मूठ अर्धवट मिटलेली, लहान मुलाचा हात धरल्यासारखी. तिने तो हलवला नाही.

"उद्यापासून शाळा सुटली की मी मास्तरांकडे शिवण शिकायला जाणार. पुढचा कोट मीच शिवणार आहे."

"तू? तुला साधं बटण लावता येतं का?" बाबांच्या ओठांचे कोपरे वर जायला लागले.

"बाबा, हसायचं असेल तर मला उद्या हसा, एकटीला," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता नको."