स्वमुद्रा

पडद्यावर श्रीरंगचा मेंदू दिसत होता. काचेपलीकडच्या खोलीत श्रीरंग स्वतः चित्रणयंत्रात निजला होता. खोलीत चिटपाखरू नव्हतं, कानांवरच्या जाड आवरणामुळे यंत्राची घरघरसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तरी कानशिलामागचं श्रवणकेंद्र लखलखीत उजळलं होतं.

"ऐकतोय," नलिनी बोंद्रे म्हणाली. ती मिरजेच्या या मज्जाविज्ञान संस्थेत मनोविकारतज्ज्ञ होती आणि श्रीरंग तिचा धाकटा, एकुलता एक भाऊ. "सर, खरं सांगा. बोट लागू नये म्हणून खलाशांना द्यायची गोळी स्किझोफ्रेनियावर कशी चालेल?"

डॉ. इरफान काझी औषधशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "स्वतःला गुदगुल्या करून बघ. होतात?"

"नाही."

"कारण हात हलण्याआधीच मेंदू कळवून ठेवतो, की येणारा स्पर्श आपलाच आहे. मनातल्या मनात बोलतानाही तेच होतं. शब्द जुळवणारा भाग श्रवणकेंद्राला आधी वर्दी देतो: येतोय तो आवाज घरचाच. या वर्दीला मी स्वमुद्रा म्हणतो. तुझ्या भावाच्या मेंदूत ती उमटत नाही. विचार त्याचाच असतो, पण शिक्क्याविना पोचतो, म्हणून परका वाटतो. त्याला वाटतं, कुणीतरी बोलतंय."

"आणि तुमची ही गोळी, लहरीन?"

"बोट लागते तीही अशाच घोटाळ्यामुळे. आपण हललो की बोटीनं हलवलं, हे मेंदूला ठरवता येत नाही. लहरीन हालचालीवरची मुद्रा ठळक करतं. उंदरांमध्ये आवाजावरचीही ठळक झालेली मी पाहिलीय. औषध जुनं आहे, निर्धोक आहे, कपाटात धूळ खात पडलंय. माणसावर करून बघायचं तेवढं राहिलंय."

श्रीरंग एके काळी शाळेत भूगोल शिकवायचा. फळ्यावर न बघता भारताचा नकाशा काढायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. मग 'तो' आला. घोगऱ्या पुरुषी आवाजाचा, कधी न दिसलेला. त्याचं एकच पालुपद होतं: तुझी बहीण तुला जेवणातून विष देतेय. शाळेतली नोकरी सुटली, ठरलेलं लग्न मोडलं, आईवडील एकामागून एक गेले. श्रीरंग रोज ताट घेऊन नलिनीसमोर उभा राहायचा, घामाघूम होऊन तिला विचारायचा. ती नाही म्हणाली की डोळे मिटून पहिला घास घ्यायचा. त्याच्या दिवसातलं सगळं बळ त्या एका घासात जायचं.

चाचणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना लहरीन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खडूच्या गोळ्या दिल्या. कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत गुप्त होतं. नलिनीचा भाऊ म्हणून श्रीरंगच्या तपासण्या काझींनीच केल्या. गुपित उघडलं तेव्हा खुद्द काझींनीही यादी दोनदा वाचली. लहरीन घेणाऱ्या एकालाही आता आवाज ऐकू येत नव्हते. त्या यादीत श्रीरंग होता.

"ताई, सगळं शांत झालंय गं," तो घरी परतताना गाडीत म्हणाला. नलिनी गाडी कडेला घेऊन हमसून हमसून रडली.

संस्थेनं त्याला बरा ठरवलं. आपल्या उपचाराचे निर्णय आता कायद्यानं त्याचे त्यालाच घ्यायचे होते. तो भाजी आणायला लागला, स्वतःपुरता स्वयंपाक करायला लागला. नलिनीला कौतुक वाटलं. एका रविवारी तिनं त्याच्या आवडीची भरली वांगी केली आणि त्याला हाक मारली.

"मला नको," श्रीरंग वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "तुझ्या हातचं मी खात नाही."

नलिनी त्याच्यासमोर येऊन बसली. "तो काही म्हणतोय का?"

"तो कोण? कुणी काही म्हणत नाही. मलाच वाटतं तसं." त्यानं पान उलटलं. "तू विष घालतेस. तुझ्याविषयी राग नाही माझ्या मनात. पण कळल्यावर कशाला खायचं?"

त्याला पूर्वीसारखा घाम फुटला नव्हता. पुढच्या आठवड्यात तो स्टँडजवळच्या एका खोलीत राहायला गेला. त्याच्या लेखी बहिणीनं फितवलेल्यांमध्ये आता खानावळवाले आले, दूधवाला आला. श्रीरंग साल जराही फाटलेली केळी टाकून अखंड सालीचीच तेवढी खायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. नलिनी भेटायला गेली की अदबीनं दार लावून घ्यायचा.

तिनं इतर रुग्णांची चौकशी केली. कुपवाडच्या एका बाईला आवाज सांगायचा, की हे मूल तुझं नाही, बदललेलं आहे. पूर्वी ती कानांत बोळे कोंबून पोराला छातीशी धरून बसायची. आता तिनं त्याला आजोळी पाठवून दिलं होतं आणि विषय संपवला होता. शेजारी म्हणाले, बाई किती सुधारली, रडत नाही, ओरडत नाही.

काझींनी चाचणीच्या शेवटी काढलेली मेंदूची चित्रं पुन्हा पडद्यावर लावली. श्रवणकेंद्र पूर्वीइतकंच उजळलेलं होतं.

"आवाज गेलेच नाहीत," काझी म्हणाले. "आपण विचारत होतो, कुणी बोलतंय का? ते नाही म्हणाले. खरंच सांगत होते बिचारे."

"आणि ही चित्रं?"

"मला वाटलं, माणूस बरा झाला तरी मनात बोलणारच." त्यांनी पडदा बंद केला. "मी फक्त शिक्का मारला, नलिनी. शिक्का कशावर बसतोय ते पाहिलं नाही. परका सांगत होता तोवर भांडता येत होतं. आता भांडणार कुणाशी?"

"औषध थांबवा."

"रुग्णांना पटवून बघ. मागतील तोवर गोळ्या द्यायच्या, असा चाचणीचा करार आहे."

तिनं श्रीरंगला दारातच उभं राहून सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "या गोळ्यांमुळेच मला स्पष्ट दिसायला लागलंय," तो म्हणाला. "तू त्या बंद करायला येणार, हे ठाऊक होतं मला." कुपवाडची बाईही नाहीच म्हणाली. सगळेच नाही म्हणाले. शहाण्या माणसावर सक्ती करता येत नव्हती, आणि शहाणं त्यांना संस्थेनंच ठरवलं होतं.

श्रीरंगच्या बरगड्या सदऱ्यातून दिसायला लागल्या तेव्हा नलिनी काझींच्या खोलीत गेली आणि उरलेल्या खडूच्या गोळ्या मागितल्या.

"त्याला न सांगता?" काझींनी विचारलं. "अगं, तो आवाज तुझ्यावर नेमका हाच आळ घेत होता."

"मग काय करू? मरू देऊ?"

काझींनी कपाट उघडलं, बरणी टेबलावर ठेवली आणि खोलीबाहेर निघून गेले. औषधविभागातून श्रीरंगच्या नावानं जाणाऱ्या डबीत नलिनीनं स्वतःच्या हातानं गोळ्या भरल्या.

लहरीन अंगातून उतरायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी दारावर धडका बसल्या. बाहेर श्रीरंग उभा होता, घामानं निथळत, दोन्ही कानांवर हात दाबून.

"ताई, तो परत आला गं!"

भावाला पुन्हा वेड लागलेलं पाहून नलिनीला जो आनंद झाला, त्याची तिला तिथल्या तिथे शरम वाटली. पण आनंद झाला खरा. तिनं त्याला पाटावर बसवलं, वरणभात वाढला. तो अधाशासारखा जेवायला लागला. चार घास पोटात गेल्यावर हात थांबला.

"आता काहीतरी नवीनच काढलंय त्यानं," श्रीरंग म्हणाला. "म्हणतो, डबीतल्या गोळ्या बदलल्यात. आधीच्या गोळीची कड गुळगुळीत होती, हिची बोटाला खरखरीत लागते. जिभेवर पिठासारखी होते. डबी संस्थेतून येते आणि संस्थेत तू आहेस. म्हणजे तूच बदललीस." त्यानं मान झटकली. "मी चांगला दम भरला त्याला. म्हटलं, माझी ताई मला फसवणं शक्य नाही."

नलिनीच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला. कुणी 'तो' नव्हताच. ही श्रीरंगचीच बोटं होती, त्याचीच जीभ, त्याचीच बुद्धी. त्या बुद्धीनं एकेक धागा जुळवून बिनचूक उत्तर काढलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या मनात आलेला पहिला निरोगी विचार शिक्क्याविना पोचला होता, म्हणून परका ठरला होता. आणि श्रीरंग नलिनीची बाजू घेऊन त्या विचाराशी भांडत होता. हो म्हणावं तर तो आवाज कायमचा खरा ठरणार, विषाबद्दलही. उद्यापासून अन्नाचा कण घशाखाली उतरणार नाही.

"खोटं बोलतोय तो," नलिनी म्हणाली.

"वाटलंच मला." श्रीरंगनं सुस्कारा सोडला आणि भातासाठी ताट पुढे केलं. मग एकदम कान दिला.

"काय म्हणतोय?" तिनं विचारलं.

"म्हणतोय, तिच्या डोळ्यांत बघ म्हणजे कळेल." श्रीरंग हसला. "हट्टी आहे. पण मीही काही कमी नाही. बघतच नाही."

आणि मान खाली घालून तो जेवत राहिला, ताट स्वच्छ होईपर्यंत.