सोळावी स्प्रिंग

भिवा मिस्त्रीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. जसं घडलं तसंच लिहितोय. माझ्या कानांवर माझा फारसा भरवसा नाही, पण त्या संध्याकाळी ऐकणारा मी एकटा नव्हतो.

मी दादरच्या एका ग्रंथालयात तांत्रिक पुस्तकांच्या कपाटांपाशी नोकरी केली. भिवा गिरणीतला फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्याने कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागे, छोटा गाळा घेतला आणि गाड्यांची इंजिनं उघडू लागला. इंग्रजी पुस्तकांतले तक्ते तो माझ्याकडून वाचून घेई. मला मास्तर म्हणे. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात माझा पुतण्या वरद त्याच्याकडे गाडी घेऊन गेला. लालबाग ते ऑफिस, रोजची गाडी. तिच्यात त्याला जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवायचा होता.

"रेसचो नको हां," भिवा म्हणाला. "सिग्नलला उभी रवली की धापा टाकात. मधलो घे."

वरदने मधला घेतला. पण तोही इंजिनातल्या झडपा पहिल्यापेक्षा खोल ढकलणारा. झडप परत वर आणते ती स्प्रिंग. स्प्रिंगा मात्र वरदला जुन्याच ठेवायच्या होत्या. कडक स्प्रिंगांनी नवा कॅम झिजतो, असं त्याने कुठेसं वाचलं होतं.

माझ्याकडे मोबाइल नाही. म्हणून भिवाने पत्र टाकलं. मापं लिहून खाली एवढंच...

"मास्तर, जुन्यो स्प्रिंगा चलतीत काय? तुमच्या पुस्तकात काय आसा ता कळवा. तोपर्यंत मी इंजिन बंद करूचंय नाय."

मी हिशेब केला. झडप पूर्ण उघडली की जुन्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अर्धा मिलिमीटर फट उरत होती. निदान एक मिलिमीटर तरी हवी. नाहीतर वेटोळी एकमेकांवर आपटतात आणि एक दिवस, भर वेगात, स्प्रिंग तुटते.

उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

"काका, तुम्हाला सायकल येत नाही," वरद हसत म्हणाला होता. "इंजिनात कुठे शिरताय?"

खरंच होतं ते.

पत्र आल्यापासून बाराव्या दिवशी भिवा गेला. चहा पिता पिता. इंजिन तसंच उघडं होतं. वरदने दुसऱ्या गॅरेजमध्ये नेऊन, जुन्याच स्प्रिंगा घालून, ते बंद करून घेतलं.

मी तेव्हाही काही बोललो नाही.

यंदाचा मार्च. शनिवार, संध्याकाळचे सहा. दुसऱ्या दिवशी पहाटे वरद, त्याची बायको मनवा आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी शिमग्याला कणकवलीला निघणार होते. त्याच गाडीने. घाटातून.

गाडीत हवा भरून वरद आणि मी परतत होतो. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर गाडी बंद पडली.

भिवाच्या गाळ्यासमोर.

"तिसरी वेळ," वरद पुटपुटला. "इथेच. बाकी कुठे नाही."

त्याने बॉनेट उघडलं. इंजिन शांत होतं.

आणि मग आवाज आला...

कर्र... खट.

गाडीतून नाही. बंद शटरच्या आतून.

मला तो आवाज ओळखीचा होता. भिवा प्रत्येक स्प्रिंग वजनकाट्यावर ठेवून, वरून दट्ट्याने नेमक्या मापापर्यंत दाबायचा. किती किलो जोर लागतो ते बघायचा. बरोबर निघाली की तिला गिरणीच्या सुताचा दोरा बांधायचा. दोरा नाही ती स्प्रिंग गाडीत जायची नाही.

कर्र... खट.

मी मोजू लागलो. वरदच्या इंजिनाला सोळा स्प्रिंगा लागतात.

तेरा... चौदा... पंधरा.

मग काहीच नाही.

मी सोळाव्याची वाट बघत राहिलो. आतही कुणीतरी वाट बघत असल्यासारखं वाटलं.

"काका..." वरद शटरजवळ सरकला. "आत कोण आहे?"

कुलूप गंजलेलं होतं. भिवाची बायको गंगुबाई मागच्याच चाळीत राहते. वरदने तिला बोलावून आणलं. किल्ली फिरेना, तेल घालावं लागलं.

आत धूळ. जमिनीवर एकही पाऊल नाही.

टेबलावर कोऱ्या पंधरा स्प्रिंगा ओळीने उभ्या. प्रत्येकीला पांढरा दोरा.

सोळावी काट्यावर. दोरा नाही. दट्ट्या वर होता, तिला टेकलेलाही नव्हता...

पण काट्याची सुई पंचवीस किलोवर होती.

आम्ही तिघं बघत असताना ती हळूहळू शून्यावर आली.

गंगुबाईने दाराची चौकट धरली. "ते गेल्यार ह्या सगळा मीच डब्यात भरून ठेवलंय," ती म्हणाली. "वरदच्या गाडीसाठी ह्यांनी आणून ठेवलेल्यो. म्हणी, मास्तर हो म्हणतीत, मगे बसवया."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शेवटच्या दिवसापर्यंत विचारी होते. मास्तरांचा पत्र इला काय?"

मी वरदकडे वळलो.

"वरद," मी म्हणालो, "जुन्या स्प्रिंगा चालणार नाहीत. मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. उद्या ही गाडी घाटात जाणार नाही."

तो हसला नाही. "आता सांगताय, काका?" एवढंच म्हणाला.

ते शिमग्याला एसटीने गेले. ते परतल्यावर गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. दोन स्प्रिंगांना केसाएवढ्या भेगा होत्या. "घाटात तुटल्या असत्या," मेकॅनिक म्हणाला. भिवाच्या सोळाही बसवल्या. सोळावी आम्ही आधी काट्यावर दाबून बघितली. वजन बरोबर निघालं. बसवण्यापुरता दोरा बांधू का, असं मी विचारलं. मेकॅनिकला काही कळलं नाही.

गाडी आता त्या रस्त्यावर बंद पडत नाही. पण परवा गंगुबाई सांगून गेली, संध्याकाळी सहाला गाळ्यातून अजून आवाज येतो.

एकदाच. कर्र...

पुढचा खट येत नाही.

काल रात्री मी पत्र लिहिलं. मापं पुन्हा तीनदा तपासली. "भिवा, जुन्या चालणार नाहीत. तू आणलेल्या बसव. उशीर झाला, माफ कर." पत्ता गाळ्याचाच घातला. दुसरा कुठला घालणार?

आज दुपारी काळाचौकीच्या टपालपेटीत ते टाकलं. सोडण्याआधी हात बराच वेळ आतच राहिला होता.